जुन्या बुलेटला मागे किती इंची चाक?

जुनी बुलेट मॉडिफाय करायला घेतलेल्या माणसाला "काय काय करणार आहेस?" असं विचारलं, की सगळ्यात आधी येतो तो मागचा टायर. "मागे एकदम जाड टायर टाकायचाय." किती जाड? तर दोन्ही हातांनी हवेत एक माप दाखवलं जातं. ते साधारण मध्यम आकाराच्या कलिंगडाचं असतं. रिम किती इंची, किती रुंद, चेन कुठून जाणार, हे बाकीचं सगळं "मेकॅनिक बघेल" या सदरात जातं.

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. मागच्या चाकाचा निर्णय जाडीपासून सुरू करूच नये. आधी चाकाचा एकूण व्यास बघावा, मग रिमची रुंदी, मग चेनची रेष, आणि 'दिसतं कसं' हे सगळ्यात शेवटी. आणि काहीही करा, पण गाडीच्या मूळ सांगाड्याला ग्राइंडर लावू नका. पुढचं सगळं याचंच स्पष्टीकरण आहे. शनिवार आहे, जरा पाल्हाळ होणार, तेव्हा चहा घेऊन बसा.

विषय निघाला तो एका मित्रामुळे. त्याच्या बाबांची १९७४ची बुलेट आहे. साडेतीनशे सीसी, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. काका पाटबंधारे खात्यात होते आणि अर्धी नोकरी त्यांनी याच गाडीवरून पानशेत-वरसगावच्या वाऱ्या करत काढली. आता त्यांचे गुडघे किक मारू देत नाहीत, म्हणून गाडी मुलाकडे आली. मुलाने ती एका वर्कशॉपला दाखवली (नाव सांगत नाही, अशी वर्कशॉपं प्रत्येक शहरात आहेत) आणि त्यांनी दिलेला अंदाजखर्चाचा कागद मला पाठवला. त्यात एक ओळ होती: मागे १५०/७०-१७ टायर, रुंद अलॉय व्हील, 'चिमटा कटिंग-वेल्डिंग'. म्हणजे मागचा स्विंगआर्म कापून, रुंद करून, परत वेल्ड करायचा. खर्चाच्या आकड्यापेक्षा मला या तीन शब्दांनीच जास्त धक्का बसला.

सॉफ्टवेअरवाल्याला टायरमधलं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे लागतं ते गणित सातवी-आठवीचं आहे, आणि तेवढं कुणी करत नाही हीच खरी अडचण.

जुन्या बुलेटला पुढे आणि मागे दोन्हीकडे ३.२५-१९ टायर असतो. म्हणजे टायर सव्वातीन इंच रुंद आणि रिम १९ इंची. या जुन्या इंची मापात टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरतात. म्हणून एकूण व्यास १९ अधिक दोन वेळा ३.२५, म्हणजे २५.५ इंच, म्हणजेच ६४८ मिमी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण हिशोबाला हा आकडा चालतो.

नवीन मापाचं गणित वेगळं. ११०/९०-१८ म्हणजे रुंदी ११० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९९ मिमी, आणि रिम १८ इंची म्हणजे ४५७ मिमी. एकूण ४५७ अधिक दोन वेळा ९९, झाले ६५५. आता गंमत बघा. रिम एक इंचाने लहान झाली, टायर जवळजवळ एक इंचाने रुंद झाला आणि चाकाचा एकूण व्यास बदलला फक्त एक टक्का! गाडीला कळणारही नाही की तिचं चाक बदललंय. १२०/८०-१८ घेतला तर व्यास येतो ६४९, म्हणजे मूळ मापाच्या अगदी शेजारी.

हा काही माझा शोध नाही. पुढे १९ आणि मागे १८ ही जोडी ब्रिटिश गाड्यांमध्ये साठच्या दशकापासून रुळलेली आहे. ट्रायम्फ बॉनविलला तीच होती. २०२१मध्ये आलेल्या नव्या क्लासिक ३५०ला खुद्द कंपनीने पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ दिलाय. कंपनीच्या इंजिनिअरांनी आपल्यासाठी टेस्टिंग करून ठेवलंय, फुकट. कॉपी-पेस्ट करायला लाज कसली? आपण रोज तेच करतो :-)

आता कागदावरचा १५०/७०-१७. व्यास ४३२ अधिक दोन वेळा १०५, म्हणजे ६४२. अरेच्चा, हाही मूळ मापाच्या एका टक्क्याच्या आतच की! म्हणजे नुसत्या व्यासाच्या परीक्षेत हा पास आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. तो नापास होतो पुढच्या पेपरात.

रिमच्या रुंदीचा पेपर. जुन्या स्पोकच्या रिमांवर 'डब्ल्यूएम' असा शिक्का असतो. डब्ल्यूएम-२ म्हणजे १.८५ इंच, डब्ल्यूएम-३ म्हणजे २.१५ इंच. ११०च्या टायरला किमान २.१५ हवी, अडीच असेल तर उत्तम. १५०च्या टायरला साडेतीन ते साडेचार इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवता येतो, चढवणारे चढवतातही. पण मग टायरच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी सरळ चालताना त्या टोकाच्या एका पट्टीवर चालते. रुंदीचे पैसे मोजायचे आणि चालायचं मात्र पट्टीवर. म्हणून १५० हवा असेल तर रिम बदलावी लागते, आणि बहुतेक वेळा हबसकट सगळं चाकच.

त्यानंतर चेन, आणि इथे खरी मेख आहे. चेनची जागा गाडीत ठरलेली असते. गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट जिथे आहे, त्याच रेषेत मागचं हवं. सव्वातीन इंची टायर मध्यापासून एका बाजूला साधारण ४१ मिमी जातो. १५०चा टायर जातो ७५ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना ३४-३४ मिमी ज्यादा जागा हवी. ती जागा जुन्या बुलेटच्या चिमट्यात नाही आणि चेनच्या बाजूला तर नाहीच नाही. मग तीन उपाय उरतात. चिमटा कापून रुंद करा. चाक मध्यावरून एका बाजूला सरकवा, म्हणजे पुढचं चाक एका रेघेत आणि मागचं दुसऱ्या. किंवा पुढचं स्प्रॉकेट बाहेर काढायला मध्ये तुकडा घाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नको तिथे ताण. कागदावर पहिला उपाय लिहिला होता, पण दुसऱ्याचीही थोडी मदत घेणार होते, असं फोनवर कळलं. "दहा-बारा मिमीने काय फरक पडतो साहेब?"

पडतो. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी एका अंगाला ओढते. माणसाला आठ दिवसांत त्याची सवय होते आणि तेच वाईट आहे, कारण पुढे ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा सवय कामाला येत नाही.

आणि कापलेला चिमटा? हा भाग गाडीचं मागचं सगळं वजन, चेनची ओढ आणि खड्ड्यांचे धक्के झेलतो. कारखान्यात तो जिगमध्ये पकडून वेल्ड होतो, म्हणजे एक्सलची दोन्ही टोकं एका पातळीत राहतात. कुठल्याही वर्कशॉपला हे जमणार नाही असं मी म्हणत नाही. व्यवस्थित जिग बांधून, वेल्डची तपासणी करून काम करणारे लोक आहेत. पण तुमच्या वर्कशॉपला एकदा नुसतं विचारून बघा, "जिग दाखवता का?" उत्तर ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा.

बरं, एवढा सगळा खटाटोप करून मिळतं काय? "ग्रिप वाढते" असं सगळे सांगतात. इथे थोडं फिजिक्स. टायर रस्त्याला किती क्षेत्रफळात टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्यावरचं वजन आणि आतली हवा. मागच्या चाकावर १५० किलो वजन आहे आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे साधारण २.२५ किलो प्रति चौरस सेंमी. भागाकार केला की येतात अंदाजे ६७ चौरस सेंमी, म्हणजे निम्म्या पोस्टकार्डाएवढा ठिपका. टायरच्या भिंतीच्या कडकपणाने यात थोडा फरक पडतो, पण ढोबळ हिशोब हाच. टायर रुंद केला की हा ठिपका आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच! ग्रिपवर खरा परिणाम होतो तो रबराच्या जातीचा, नक्षीचा आणि टायरच्या वयाचा. चांगल्या कंपनीचा ताजा ११०चा टायर हा दुकानात चार वर्षं पडून कडक झालेल्या १५०पेक्षा पावसात कधीही जास्त भरवशाचा.

रुंद टायर लागतो तो दांडगी ताकद रस्त्यावर उतरवायला. कॉन्टिनेंटल जीटी ६५०चं ट्विन इंजिन ४७ अश्वशक्तीचं आहे आणि कंपनीने तिला मागे १३०/७०-१८ दिलाय. आपल्या कास्ट आयर्न बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती, तीसुद्धा नवी असताना. ४७ घोड्यांना जे पुरतं ते १८ घोड्यांना (त्यातले सहा-सात एव्हाना निवृत्त) अपुरं कसं पडेल, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

उलट वळणावर तोटाच. रुंद टायरवर गाडी कलली की रस्त्याला टेकणारा ठिपका मध्यापासून लांब सरकतो, त्यामुळे तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी जास्त कलवावी लागते. पुढे सव्वातीन इंची, मागे दीडशेचा. पुढचा पटकन वळतो, मागचा म्हणतो थांब. वरंधा घाटात अशी गाडी चालवणं म्हणजे हट्टी पोराला बोटाला धरून बाजारात नेण्यासारखं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, "बरं, जाडी जाऊ दे, पण मला मागे बुटकी, बॉबरसारखी गाडी हवी." पंधरा इंची रिमवर १३०/९०चा टायर ही त्यातली आवडती जोडी, कारण ॲव्हेंजरमुळे हा टायर सहज मिळतो. व्यास ३८१ अधिक दोन वेळा ११७, म्हणजे ६१५. मूळ ६४८च्या तुलनेत पाच टक्क्यांनी कमी. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून त्याचे परिणाम एकेक करून बघू.

चाकाचा घेर पाच टक्के कमी म्हणजे गाडीचं गिअरिंग पाच टक्के 'खाली' आलं. आधी ८४च्या स्पीडला इंजिन जेवढं फिरायचं तेवढं आता ८०ला फिरणार. बुलेटच्या इंजिनाचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. लांब स्ट्रोकचं संथ इंजिन ते, ठेक्यात चालण्यासाठी जन्मलेलं. त्याला हायवेवर जास्त फिरवलं की ते लगेच थरथरून सांगतं. उपाय आहे: गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट एका दाताने वाढवायचं. १६चं १७ केलं की सव्वासहा टक्के परत मिळतात, हिशोब जवळपास जुळतो. मागचं स्प्रॉकेट बदलायचा विचार करू नका, या गाड्यांत ते ब्रेकच्या ड्रमबरोबर एकजीव असतं, ३८ दातांचं. पुढचं मात्र प्रायमरी चेनकेसच्या मागे लपलेलं आहे. क्लच आणि आतली केस उतरवल्याशिवाय ते हाताला लागत नाही. म्हणजे 'फक्त चाक बदलायचंय' असं म्हणत सुरू केलेलं काम क्लचपर्यंत पोचतं. एका ओळीचा बदल करायला जावं आणि चार मोड्यूल उघडावी लागावीत, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांना असेलच.

दुसरं, मागचा एक्सल १६ मिमी खाली येतो. बुलेटचा व्हीलबेस १३७० मिमीच्या आसपास. म्हणजे सगळी गाडी पाऊण अंशाच्या आत-बाहेर मागे झुकते, पुढच्या फोर्कचा कल तेवढाच वाढतो आणि ट्रेल चार-पाच मिमीने वाढतो. सरळ रस्त्याला गाडी आणखी स्थिर, वळायला आणखी जड. हे काही फार भयंकर नाही, चालून जातं. पण सायलेन्सर आणि सेंटर स्टँडसुद्धा खाली आलेत, आणि आपल्याकडच्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. साइड स्टँड आता गाडीच्या मानाने उंच झाला, त्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. पार्किंगमध्ये कुणाचा धक्का लागला की उजवीकडे आडवी. मोठा टायर लावला तर याच्या उलट: सेंटर स्टँडवर घेतली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलंच. पंक्चर काढताना त्याचा अर्थ समजतो.

स्पीडोमीटरचं मात्र टेन्शन घेऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागे काहीही केलं तरी काटा आपला तेच दाखवतो. तुमच्या गाडीची केबल कुठून येते तेवढं खाली वाकून बघा.

बुलेट सोडून इतर गाड्यांबद्दल थोडक्यात. राजदूत ३५०ला मागे ३.५०-१८ असतो, व्यास २५ इंच म्हणजे ६३५ मिमी. १००/९०-१८चा व्यास येतो ६३७. विषय संपला, चाकाला हातच लावायचा नाही, फक्त टायर बदला. जावाची गोष्ट अवघड आहे. म्हैसूरच्या जुन्या जावाला ३.२५-१६ असतो आणि त्या मापाचा चांगला टायर शोधत फिरावं लागतं. तिथे १७ इंची रिम घालून ३.००-१७ टायर लावणारे आहेत. व्यास ५७२वरून ५८४, म्हणजे दोन टक्के. गणितात बसतं. पण जावाचं मागचं मडगार्ड चाकाला पदरासारखं लपेटलेलं असतं, तेव्हा आधी आत किती जागा आहे ते बोटांनी मोजून घ्या. टायर मिळत नाही म्हणून रिम बदलणं मला पूर्ण मान्य आहे. गाडी चालवण्यासाठी केलेला बदल आणि गाडी मिरवण्यासाठी केलेला बदल, यात मी फरक करतो.

टायर मिळण्याचा मुद्दा बुलेटलाही लागू आहे. १९ इंची टायर मिळतो, पण निवड कमी. शिवाय दुकानदार आतून धूळ झटकून जुना माल आणून देतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. '३२१८' म्हणजे २०१८चा बत्तिसावा आठवडा. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ११०/९०-१८ आणि १२०/८०-१८ हे टायर मात्र गावोगावी फिरणाऱ्या क्लासिकमुळे बऱ्याच ठिकाणी मिळतात. चिपळूणला भर पावसात टायर फाटला तर १५०/७०-१७ कुठे शोधणार, हा प्रश्न अंदाजखर्चाच्या कागदावर कधीच नसतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. टायर एका मापाने इकडेतिकडे झाला म्हणून चौकात कुणी फूटपट्टी घेऊन येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो, त्याला कापलेला चिमटा दिसतो, आणि मग तो काय लिहील हे आपल्या हातात राहत नाही.

काकांच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी त्या वर्कशॉपने सांगितली नाही आणि मित्राला ठाऊक नव्हती. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, इतपतच. मित्राला गाडी चालवायची आहे, त्यामुळे आज त्याला ही नोंदणी नकोच आहे. पण १९७४ची गाडी आता या वयात बसते. पुढे त्याला किंवा त्याच्या मुलीला ती तशी नोंदवावीशी वाटली, तर तो दरवाजा उघडा असायला हवा. चिमटा कापला की तो बंद होण्याची मोठी शक्यता. १८ इंची रिम घातली आणि जुनी रिम माळ्यावर ठेवली, तर एका रविवारी गाडी जशीच्या तशी परत. आपल्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक प्लॅन नसलेलं डिप्लॉयमेंट आपण शुक्रवारी संध्याकाळी करू का? मग बाबांच्या गाडीवर का करायचं?

"मग सगळं ओरिजिनलच ठेवायचं का, म्युझियमसारखं?" मित्राने चिडून विचारलंच. अजिबात नाही. ओरिजिनलवाल्यांचा एक वेगळाच पंथ आहे, जो निप्पलवरच्या कंपनीच्या शिक्क्यासाठी भांडतो, आणि त्यांच्या निम्म्या गाड्या कव्हरखाली झोपलेल्या असतात. मला चालणारी गाडी आवडते. मागे १८ इंची, ११०चा टायर लावलेली जुनी बुलेट दिसायलाही भरदार दिसते. चिमटा, चेन, मडगार्ड बहुधा जसंच्या तसं राहतं, फार तर मडगार्डचे स्टे थोडे सरकवावे लागतात. १२०सुद्धा काहींच्या गाडीत बसतो, पण तिथे चेनकव्हर आणि टायरमधली फट मोजूनच हो म्हणा. त्याच्या पुढे जाऊ नका.

काकांना आम्ही १५०च्या टायरचा फोटो दाखवला. ते चष्मा वर करून म्हणाले, "अरे, ही गाडी आहे की रोडरोलर?" आणि परत पेपर वाचायला लागले. मित्राने खरं तर तिथेच विषय सोडला. माझ्या गणिताचा वाटा त्यात किती, हे विचारायची माझी हिंमत नाही.

शेवटी चाक बांधून घेतलं ते नाना पेठेजवळच्या एका मामांकडे. आयुष्यभर चाकाचा आऊट काढण्याचंच काम केलेला माणूस. त्यांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी इथे देऊन ठेवतो, कारण त्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. जुन्या बुलेटच्या हबला ४० तारा असतात, त्यामुळे १८ इंची रिमही ४० भोकांचीच हवी. ३६ भोकांची स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन येऊ नका. रिम एक इंच लहान झाली की तारा साधारण अर्ध्या इंचाने आखूड लागतात. काही जण जुन्याच तारा कापून त्यांना नव्याने आटे पाडतात. मामा म्हणाले, "तसं करू नका साहेब, कापलेली तार आट्यातच तुटते. चाळीसच्या चाळीस नव्या घ्या, एका मापाच्या, एका दुकानातून." रिम उतरवण्याआधी जुन्या रिमचं हबच्या कडेपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून, कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून ठेवा. नवीन रिम त्याच मध्यावर बसायला हवी, 'अंदाजे मधोमध' चालत नाही. तारा वर आल्या तर आतली टोकं कानशीने घासून त्यावर रिमटेप नीट बसवा, नाहीतर ट्यूब पहिल्याच खड्ड्यात पंक्चर होणार. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी साध्या स्पोकच्या रिमला ट्यूब घालावीच लागते.

नव्या तारा सुरुवातीला बसकण घेतात. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की चाक परत मामांकडे न्यायचं, आऊट बघून तारा पुन्हा ओढायच्या. मित्राच्या गाडीचे आत्ता दोनशे ऐंशी झालेत. उद्या सकाळी आम्ही पानशेतला जाऊन येणार आहोत, म्हणजे सोमवारपर्यंत आकडा पुरा होईल.